माउंट वॉशिंग्टनवर रुजू होण्याआधी

प्रिय मंदार,

माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावरच्या हवामान वेधशाळेत हिवाळ्याऐवजी शरदातली इंटर्नशिप मिळाली म्हणून नाराज होऊ नकोस. सप्टेंबरअखेर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये पानं रंगली की मोटाररस्त्याने आणि दातेरी रेल्वेने शिखरावर माणसांची रीघ लागते. उंची जेमतेम 1917 मीटर, पण खाली अर्ध्या बाह्यांची हवा असते तेव्हा वर पारा शून्याजवळ. जो तो एकच विचारतो, ‘तो विक्रमी वारा किती?’ 12 एप्रिल 1934, ताशी 372 किलोमीटर. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर तो मोडला, हेही सांग. लपवण्यासारखं काही नाही.

गप्पा कितीही रंगोत, दर तासाची नोंद चुकता कामा नये. ढग आणि दृश्यता नजरेने टिपायची, तापमान गोफणीसारख्या फिरवायच्या सायक्रोमीटरने. त्यात दोन तापमापक असतात, एकाचा बल्ब कोरडा, दुसऱ्याचा ओल्या वातीत. दोन्हींच्या फरकावरून तक्त्यातून आर्द्रता काढायची. धुक्यातून आलास तर कोरडा बल्ब आधी पूस. ओल्या बल्बची मलमलची वात ऊर्ध्वपातित पाण्यात भिजव. नळाच्या पाण्याचे क्षार तिच्यात साचतात. सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून फिरव, आणि बघ्यांना पाठीमागे ठेव, नाहीतर त्यांच्या अंगाची ऊब आकड्यात येते. थांबवलंस की ओला बल्ब आधी वाच. लागोपाठ दोन वाचनं जुळेपर्यंत फिरवत राहा.

खरी गोची शून्याखाली. वातीवरचं पाणी लगेच गोठतंच असं नाही, आणि पाण्याचा नि बर्फाचा तक्ता वेगळा. बर्फाचा खडा वातीला टेकव. गोठताना पारा झटकन शून्यावर चढतो, मग हळूहळू उतरतो. तो स्थिरावला की वाच. थर जाड झाला तर बराच वेळ खातो. ओला बल्ब कोरड्याच्या वर दिसला तर बहुधा गोठणं अजून संपलेलं नाही.

वाऱ्यासाठी पिटो नळी, म्हणजे आत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी. तिचं तोंड वाऱ्याकडे वळतं, आत हीटर असतो. नेहमीच्या वातमापकाच्या फिरत्या वाट्या इथे राइमने, म्हणजे धुक्याच्या बर्फाने, जाम होतात. अतिथंड धुक्याचे थेंब आपटताच गोठून राइम साचतो आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला वाढत जातो. फोडताना पहार आधाराच्या खांबावर मार, यंत्रावर नको. पर्जन्याचा डबा सहा तासांनी बदलायचा. जोराच्या वाऱ्यात हिम तोंडावरूनच उडून जातं, म्हणून हिमाचे आकडे कमीच येतात.

पाळी बुधवारी बदलते, सामान मंगळवारीच बांध. हातमोजे दोन थरांचे घे, आतला पेन्सिल धरता येईल इतका पातळ. पोचलास की कळव.

तुझा,
अनिकेत