फ्लॉरेन्सचे व्यापारी आणि पाटणचा मठ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील युरोपच्या प्रबोधनकाळावरचा लेख वाचला. तुर्कांनी १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल घेतले, तेथील विद्वान ग्रीक पोथ्या घेऊन इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झाले, ही शाळेत पाठ केलेली उपपत्ती त्यात पुन्हा आली आहे. ती अपुरी आहे. प्रबोधनाचा आद्य पुरस्कर्ता मानला जाणारा कवी पेत्रार्क १३७४ मध्येच वारला होता, कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान मॅन्युएल क्रिसोलोरास १३९७ पासून फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला होता आणि वास्तुकार ब्रुनेलेस्कीने तेथील कॅथेड्रलवर उभारलेला प्रचंड घुमट १४३६ मध्ये पूर्णही झाला होता.

फ्लॉरेन्समध्ये पैसा होता आणि तो विद्येकडे व कलेकडे वळवण्याची घडी बसलेली होती, हे लेखकाच्या नजरेतून सुटले. त्या घुमटाचे काम लोकर व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या (व्यावसायिक संघाच्या) देखरेखीखाली झाले. कोसिमो द मेडिची हा पेढीवाला. निक्कोलो निक्कोली हा ग्रंथवेडा संग्राहक कर्ज मागे ठेवून वारला तेव्हा कोसिमोने ते कर्ज निस्तरले आणि त्याच्या पोथ्यांतून सान मार्कोच्या मठात १४४४ मध्ये वाचकांसाठी ग्रंथालय उघडले.

हे आम्हा खानदेशकरांना परके वाटायचे कारण नाही. पिसाच्या फिबोनाची या गणितज्ञाने उत्तर आफ्रिकेत शिकलेली भारतीय अंकपद्धती इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे मांडली ती १२०२ मध्ये. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १२०७ मध्ये, चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथासह त्यांच्या घराण्यातील ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. तेथल्या शिलालेखाच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आहे. म्हणजे ग्रहगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च बाजारातल्या खरेदी-विक्रीतून निघत होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही व्याज, धान्याची रास आणि लाकूडकापणी यांची गणिते आहेतच, बाजार आणि विद्या यांच्यात तेव्हा फार मोठे अंतर नसावे.

यावरून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा सूर कोणी लावू नये. (तो लावणारे पाटणचा शिलालेख पाहायला सहसा जात नाहीत.) आपल्याकडे जे नव्हते ते मोठे होते. जर्मनीतील माइन्झला गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमारास छापून झाले. पुढे १५४३ या एकाच वर्षी कोपर्निकसचा ग्रहगतीवरचा आणि व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा, असे दोन ग्रंथ छापून निघाले आणि दूरदूरच्या वाचकांना तोच मजकूर, त्याच आकृत्यांसह तपासता आला. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला, पण आपल्या गणित-ज्योतिषाच्या पोथ्या त्यानंतरही दोन-अडीच शतके हातानेच उतरवल्या जात होत्या. मठ ओस पडला की त्याच्याबरोबर विद्या आटते. शंभर गावांत पोहोचलेल्या पुस्तकाचे तसे होत नाही.

दात्यांची परंपरा मात्र येथे अगदी खंडित झाली नाही. अमळनेरला प्रताप शेटजींनी गिरणीच्या उत्पन्नातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले आणि धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. आज केळी, कापूस आणि सोने यांच्या व्यापारातून आमच्या जळगाव जिल्ह्यात येणारा पैसा सत्कारांच्या मंडपांवर सढळपणे खर्च होताना दिसतो, गावच्या वाचनालयाला मात्र वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागते. बाजार समित्यांनी आपल्या उत्पन्नाचा लहानसा वाटा वाचनालयांसाठी राखून ठेवण्याचा विचार करावा. त्याला आठशे वर्षांपूर्वीचा दाखला याच जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे.

आपणास विनंती एवढीच, की येत्या एखाद्या पुरवणीत त्या शिलालेखाचा मराठी भाग मूळ शब्दांत, आजच्या अर्थासह छापावा.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव