विक्रम त्याचेच, पाटी मात्र नको

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, माणूस गेला आता. अजून किती शिक्षा द्यायची?" आणि तेवढ्यात तुला मीटिंगला जावं लागलं. माझं उत्तर राहूनच गेलं. ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

विषय पीट रोझचा. अमेरिकेतला बेसबॉलचा मोठा खेळाडू, सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल खेळातून कायमचा बाहेर काढलेला. आता तरी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानाच्या दालनात, त्याच्या नावाची पाटी लागावी असं तुझं म्हणणं. सिनसिनाटीत राहणाऱ्याने त्याची बाजू घ्यावी यात नवल नाही. तो तिथलाच पोरगा, तिथल्याच संघात मोठा झाला. स्टेडियमबाहेर त्याचा तो डोकं पुढे करून झेपावणारा पुतळा, जवळच त्याच्या नावाचा रस्ता. तू फोटो पाठवलास तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि खेळाडू म्हणून तो मला मनापासून आवडला. २४ मोसम, ४,२५६ हिट, म्हणजे इतक्या वेळा चेंडू मारून तो सुखरूप बेसवर, धावण्याच्या टप्प्यावर, पोचला. ११ सप्टेंबर १९८५ला त्याने टाय कॉबचा ४,१९१ हिटचा विक्रम मोडला, तोही आपल्याच गावात, घरच्या प्रेक्षकांसमोर. पाच वेगवेगळ्या जागांवर खेळून १७ वेळा ऑल-स्टार संघात निवडला गेला. पण मला सगळ्यात भावली ती एक साधी गोष्ट. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस आयता मिळतो, चालत गेलं तरी चालतं. हा तिथेही जीव तोडून धावत जायचा. अशा माणसाबद्दल कठोर लिहिताना हात जड होतो, हे आधीच सांगते.

तुझा मुख्य मुद्दा असा की त्याने आपल्या संघाविरुद्ध कधीच पैसे लावले नाहीत, जिंकण्यावरच लावले. मग नुकसान कोणाचं? हे तू एकटाच म्हणत नाहीस, त्याची बाजू घेणारे सगळे हेच म्हणतात. मला तो मुद्दा सगळ्यात कच्चा वाटतो.

१९८७ साली रोझ संघाचा मॅनेजर होता. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे सामानसुमान बघणारा नव्हे. कोणाला खेळवायचं, पिचर कधी बदलायचा, हे सगळं त्याच्या हातात असतं. मोसम १६२ सामन्यांचा, जवळजवळ रोज एक. राखीव पिचरचा खांदा रोज रोज वापरता येत नाही, त्याला विश्रांती द्यावी लागते. आता समज, आजच्या सामन्यावर मॅनेजरचे स्वतःचे हजारो डॉलर लागलेत आणि उद्याच्या सामन्यावर काहीच नाही. थकलेल्या पोराला तो आज आणखी एक डाव टाकायला लावणार नाही कशावरून? त्या पोराचा खांदा कायमचा गेला तर? त्याला कळणारसुद्धा नाही की आपला खांदा कोणाच्या पैजेपायी गेला. बेसबॉलने नेमलेले वकील जॉन डाऊड यांच्या चौकशीत त्या मोसमातल्या ५२ सामन्यांवरच्या पैजा सापडल्या. पुढे रोझ म्हणाला, मी रोजच लावायचो. रोज लावत असला तर एक वेळ बरं म्हणायचं. पण ज्या दिवशी तो पैसे लावत नसेल त्या दिवशी बुकीला काय कळत असेल, याचा विचार कर. आज मॅनेजरचाच आपल्या संघावर भरवसा नाही, ही बातमी त्याला फुकटात मिळते. शिवाय बुकींची उधारी डोक्यावर. ज्याचं देणं थकलंय त्याच्याकडून उद्या काय मागितलं जाईल, ते मागणारा ठरवतो.

म्हणून तर तो नियम इतका कडक आहे. दुसऱ्यांच्या सामन्यावर पैज लावली तर एक वर्ष, आपला संबंध असलेल्या सामन्यावर लावली तर कायमचं बाहेर. हा नियम प्रत्येक संघाच्या खोलीत लावलेला असतो. रोझने तो पंचवीसएक वर्षं रोज डोळ्यांसमोर पाहिला होता.

आपल्या पिढीने हे जवळून भोगलंय, म्हणून मला जास्त लागतं. मार्च २०००, नागपूरचा एकदिवसीय सामना. हॅन्सी क्रोनिए दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार. त्याने हर्शेल गिब्जला २० च्या आत बाद होण्यासाठी १५,००० डॉलर देऊ केले होते. गिब्जने हो म्हटलं, आणि मैदानात उतरून ७४ धावा ठोकल्या. हेन्री विल्यम्सने ५० हून जास्त धावा द्यायच्या होत्या, पण खांदा दुखावून दुसऱ्याच षटकात तो बाहेर गेला. म्हणजे ठरलेलं काहीच घडलं नाही. तरी पुढच्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी प्रकरण उघड केलं तेव्हा घरात सगळे सुन्न बसले होते. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. तुझे आजोबा प्रत्येक सामन्याचा धावफलक वहीत उतरवायचे. त्यांनी ती वही काढून पानं उलटायला सुरुवात केली. हा झेल खरा सुटला होता का, ही धावबाद खरी होती का. पैजेने निकाल बदलला की नाही हा प्रश्नच उरत नाही रे. बघणाऱ्याच्या मनातून तो जुना सामनाच काढून घेतला जातो, आणि तो परत देता येत नाही.

आता खोटेपणाचं. २४ ऑगस्ट १९८९ला रोझने कायमच्या बंदीवर सही केली. बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर बार्ट जियामाटी, त्यानंतर आठच दिवसांत हृदयविकाराने गेले. रोझ मात्र सांगत राहिला की मी बेसबॉलवर कधी पैज लावलीच नाही. जवळजवळ पंधरा वर्षं. २००४मध्ये आत्मचरित्र विकायला काढलं तेव्हा कबुली आली, तीही फक्त मॅनेजर असतानाच्या काळापुरती. २०१५मध्ये पैजांच्या एका जुन्या वहीतल्या नोंदी बाहेर आल्या आणि १९८६ला तो स्वतः खेळत असतानाही पैजा लावत होता हे दिसलं. या सगळ्या वर्षांत डाऊड यांना खोटं ठरवलं गेलं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी तुझ्या शहरातली साधी माणसं शेजाऱ्यांशी भांडत राहिली. मला त्या माणसांचं वाईट वाटतं.

एका बाबतीत मी तुझ्या बाजूची आहे. १९९१मध्ये हॉल ऑफ फेमने नियम केला की बंदी असलेल्याचं नाव मतपत्रिकेवरच येऊ द्यायचं नाही. रोझची पाळी यायच्या तोंडावर केलेला तो नियम मला पटत नाही. मत देणाऱ्यांना मत देऊ द्यायला हवं होतं. तो जिवंत असताना, त्याच्या तोंडावर, कारणं सांगून 'नाही' म्हणायला हवं होतं. माणूस ३० सप्टेंबर २०२४ला गेला आणि मे २०२५मध्ये कमिशनर रॉब मॅन्फ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, गेलेला माणूस खेळाला धोका पोचवू शकत नाही. त्याच निर्णयात १९१९च्या सामने विकल्याच्या प्रकरणात बंदी आलेला खेळाडू शूलेस जो जॅक्सनही सुटला. पण बंदी काय फक्त त्या एका माणसाला रोखायला होती? ती आज संघाच्या खोलीत तो नियम वाचणाऱ्या विशीतल्या पोरासाठी होती. त्याला आता काय कळणार? की धीर धरला तर पाटी मिळते.

आणि 'त्याला इतिहासातून पुसलं' असं तू म्हणालास, ते खरं नाही. हॉल ऑफ फेमच्या कूपर्सटाउनमधल्या संग्रहालयात त्याच्या वस्तू मांडलेल्या आहेत. ४,२५६ हा आकडा सगळ्या पुस्तकांत पहिल्या क्रमांकावर आहे आणि तिथून तो कोणी हलवू नये. त्याच्या कष्टाचं ते फळ आहे. नाही ती फक्त दालनातली कांस्याची पाटी. विक्रम खेळाडू स्वतः मिळवतो, त्यावर त्याचा हक्क असतो. सन्मान दुसरे देतात, त्यावर हक्क सांगता येत नाही. डिसेंबर २०२७मध्ये सोळा जणांची समिती बसेल, बारा मतं लागतील. त्याचं नाव त्यांच्यापुढे आलं तर भरपूर चर्चा होवो. मी तिथे असते तर नाहीच म्हटलं असतं.

तुझा शेवटचा मुद्दा, की आता लीगच बेटिंग कंपन्यांशी करार करते, सामन्याच्या मध्ये त्यांच्या जाहिराती असतात, मग रोझलाच का बाहेर ठेवायचं. जाहिरातींचा मलाही संताप आहे. पण पालकांनी आपसात पैज लावली की कोणाचा मुलगा पहिला येईल, तर ते फार तर वाईट दिसेल. पेपर तपासणाऱ्या मास्तरांनीच ती लावली तर सगळ्या वर्गाचे गुण खोटे ठरतात. पैसा आजूबाजूला जितका वाढेल तितका आतल्या माणसाने जास्त लांब राहायला हवं.

जाहिरातींवरून आठवलं. तुमच्या ओहायोत जानेवारी २०२३पासून खेळांवर पैज लावणं कायदेशीर झालंय आणि तुझ्या ऑफिसातली मुलं जेवणाच्या सुट्टीत फोनवरून पैसे लावतात, असं तूच सांगितलंस. तू लावतोस का? रागावणार नाही, पण खरं सांग. दहा डॉलर का असेनात. आणि लावत असलास तर हरलेले पैसे दुसऱ्या दिवशी परत मिळवावेसे वाटतात का, तेही सांग. मला तीच भीती आहे.

रविवारी निवांत फोन कर. माझ्यासाठी मत बदलू नकोस, पण त्या राखीव पिचरच्या खांद्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय. बाबांनी थंडीचे कपडे घेतलेस का म्हणून विचारलंय.

तुझी,
आई