सप्टेंबरच्या पानावरचे तीन गोल

प्रिय आई, बाबा,

फोनवर माझ्या आवाजावरनं तुम्हाला लगेच कळतं आणि मग तुम्ही दोघं रात्रभर जागता, म्हणून लिहायलेय. बाबा, आईला वाचून दाखवा, मोठ्यानं.

हा आठवडा लई वाईट गेला. चार महिने ज्या कामामागं लागले होते ते सोमवारी कंपनीनं बंदच केलं, वर मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मलाच ऐकून घ्यावं लागलं. मंगळवारी घरमालकांनी दिवाळीच्या आत रूम खाली करा म्हणून सांगितलं. पाऊस थांबायचं नाव नाही, तिकडं मुखेडच्या पुराचे व्हिडिओ बघून जेवण गेलं नाही. आणि उद्या पोळा, मी इथं संभाजीनगरात, सुट्टी नाही.

पण काल रात्री मी कालनिर्णयचं सप्टेंबर 2025 चं पान काढलं आणि लाल पेनानं तीन गोल केले. 2, 9 आणि 25. तीन पुस्तकं यायलीत बाबा, तिन्ही थ्रिलर! 2 तारखेला लंडनच्या त्या एक पाय गेलेल्या डिटेक्टिव्हचं, स्ट्राइकचं, आठवं पुस्तक, लिहिणारी हॅरी पॉटरवालीच पण या पुस्तकांवर नाव दुसरं लावते. 9 ला डॅन ब्राऊन. 2017 नंतर आत्ता त्याचा लँगडन, तो खुणा-चिन्हांची कोडी सोडवणारा प्रोफेसर, परत यायलाय, ह्या वेळी प्रागमध्ये, आठ वर्षं वाट बघितली मी, तेव्हा तर माझी नोकरी पण लागली नव्हती.

आणि 25 चं मात्र तुमच्यासाठी. रिचर्ड ऑस्मन म्हणून लेखक आहे, त्याच्या गोष्टीत रिटायर झालेली चार माणसं एका वसाहतीत राहतात, एक बाई पूर्वी गुप्तहेर होती, एक नर्स, एक मानसोपचाराचे डॉक्टर आणि एक युनियनचा पुढारी, आणि ही चौघं दर गुरुवारी जमून न सुटलेले खून सोडवत बसतात. गुडघे दुखायलेत, कुणाचा नवरा विसरायला लागलाय, तरी डोकं असं चालतं की पोलीस मागं पडतात. पहिलं पुस्तक वाचताना मला सारखी आईच दिसायची.

आठवतं का, लाईट गेली की बाबा ओसरीत कंदिलाजवळ अर्णाळकरांचा झुंजार वाचायचे, लायब्ररीचं पुस्तक, खाकी कव्हर, पानांना तंबाखूचा वास. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं, आणि बाबांना वाटायचं आपल्याला सगळ्या मिळायलाच पाहिजेत. आई तू समोर मेथी निवडत बसायचीस, ऐकतेस का नाही तेही कळायचं नाही, आणि मधीच मान वर न करता म्हणायचीस, खून त्या कारकुनानं केलाय, घरात मयत झालेली आणि ह्यानं चहा पूर्ण पिला. बाबा चिडायचे, पुढं वाचायचे, आणि निघायचा कारकूनच. मी तेव्हा सहावीत असेन, पण एखाद्या माणसाकडं नीट बघायचं कसं ते मला तिथंच कळलं. परवा मीटिंगमध्ये सगळे माझ्यावर बोलायले होते तेव्हा मी बघितलं, एकच जण खाली मान घालून पेन फिरवायला होता. काम का बंद पडलं त्याला माहितीय, आई. तू असतीस तर पहिल्या मिनिटाला ओळखलं असतंस.

तर माझं असं ठरलंय. 25 ला गुरुवार येतो, नवरात्र बसलेलं असेल, मी रजा टाकून येते. पुस्तक इंग्रजीत आहे, मी वाचून मराठीत सांगत जाईन, रोज दोन-तीन प्रकरणं, आईची आरती झाली की. बाबा, तुम्ही शेवटचं पान मागायचं नाही.

बाबांचा चष्मा मात्र त्याच्या आधी बदलून घ्या, अंबाजोगाईला जायला पाऊस उघडायची वाट बघत बसू नका, मी पैसे टाकलेत. उद्या बैलांना माझ्या हातचा म्हणून एक घास जास्त द्या.

तुमची,
माई