बुधवारचा फोन

सातारा, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मंजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास तेव्हा तुझी आई देवापाशी होती, तिला काही कळलं नाही. बंडू म्हणाला, सांगा, मी टाइप करून मेल करतो. पण त्याच्या हातात पडलं की वाईला आत्याकडे पोचलंच. म्हणून स्पीड पोस्ट.

फोनचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय. डोळ्यात घालायचे औषधाचे थेंब आता दिवसातून दोनदाच. मागच्या दारचा पेरू यंदा लगडलाय, आई गल्लीभर वाटत सुटलीय. ईरानं काढलेला अजिंक्यतारा फ्रिजवर लावला आहे. किल्ल्यावर तिनं बर्फ पाडलंय!

पण मंजू, भांडण कशावरून, तर एका तासावरून. घटस्फोटाच्या संमतीच्या अटींत ईरा आणि तिच्या बाबांच्या फोनसाठी ‘बुधवार व रविवार, भारतीय वेळ रात्री ९.३०’ असं लिहिलं गेलं, तेव्हा उन्हाळा होता आणि लीड्सला संध्याकाळचे पाच वाजायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं तासभर मागे गेली, की आमचे साडेनऊ म्हणजे तुमचे चार. मागचे हिवाळे कसेतरी निभावले. यंदा बुधवारी चार वाजता ईरा पोहायला. फोन उचलला गेला नाही आणि दुसऱ्याच दिवशी वकिलाची नोटीस. त्या नोटिशीची काही गरज नव्हती. शनिवारी ईराचे बाबा, प्रसादराव, घरी आले तेव्हा मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते मान खाली घालून बसले. चहा घेतला नाही.

तरीही ‘आता एकही कॉल नाही, जाऊ दे त्याला कोर्टात’ हे तू म्हणालीस ना, तेवढं करू नकोस. कोर्ट मी आतून पाहिलंय. पुण्याच्या कोर्टाचा हुकूम लीड्समध्ये आपोआप चालत नाही, हे खरं. पण प्रसादराव तिथल्या कोर्टात नवा अर्ज करू शकतात. मग तिकडून कुणी अनोळखी बाई येऊन ईराला समोर बसवून विचारणार, बाबाशी बोलायला आवडतं का? आठ वर्षांच्या पोरीनं काय उत्तर द्यायचं? आणि इकडे २०२० च्या जानेवारीत यशिता साहूच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हणून ठेवलंय की, ज्या पालकाकडे ताबा नाही त्यालाही, काही खास कारण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. आईबाप वेगवेगळ्या देशांत असतील तर विशेषच. रोज म्हटलंय, आपण दोन वार दिलेत. मुलांच्या हक्कांच्या जागतिक करारात तर हा हक्क मुलाच्याच नावानं लिहिलाय, आणि त्या करारात ब्रिटनही आहे, भारतही आहे.

झालं, माझ्यातला कोर्टाचा शिरस्तेदार बोलायला लागला. माफ कर. तुला हे पाठ असेल.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ‘सुट्टीत आणलं आणि त्यानं ठेवून घेतलं तर?’ असं तू विचारलंस आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. तसं झालं तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलीला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, लावायची आणि मुलीचं हित कशात आहे ते न्यायाधीश ठरवीपर्यंत थांबायचं. म्हणून यायच्या आधी त्यांच्याकडून कोर्टात लेखी हमी घेऊ, पासपोर्ट आपल्या वकिलांकडे ठेवू. हे सगळं करता येतं. पण मुलीचा आवाजच ऐकू येईनासा झाला, तर चांगला माणूसही काय करून बसेल सांगता येत नाही. आणि मग तू तिला इकडे आणणारच नाहीस. त्यात आमचाही स्वार्थ आहे, लपवत नाही.

आबांचं, माझ्या वडिलांचं, तुला कधी सांगितलं नाही. ते परळच्या गिरणीत, गावी येणं गणपतीला आणि बावधनच्या बगाडाला. एरवी मनीऑर्डर. तिच्या कुपनावर दोन ओळी असायच्या, ‘म्हैस सांभाळणे. पोरास मारू नये.’ मला वाचता येऊ लागल्यावर ते कुपन मीच मोठ्यानं वाचायचो. माझ्या आईचं आणि त्यांचं काय बिनसलं होतं, मला आजही ठाऊक नाही. एका पावसाळ्यात आजोबांनी मनीऑर्डर घेतलीच नाही, परत धाडली. पैशांबरोबर कुपनही गेलं. मी पोस्टमनच्या मागे वेशीपर्यंत गेलो, नुसतं वाचून द्या म्हणून. तो म्हणाला, नाकारलेली मनीऑर्डर वाचून दाखवायचा नियम नाही. त्यात काय लिहिलं होतं ते मी पुढे आबांना विचारलं, त्यांना आठवत नव्हतं.

रात्रपाळ्या करून, त्या थंडीत गाडी शिकून तू पोरीला एकटीनं वाढवतेस. गल्लीत कुणी विचारलं की मी नको इतकं सांगत बसतो, आई दटावते. तुझ्या हिमतीबद्दल मला शंका नाही. हिमतीचीच धास्ती वाटते कधीकधी. एकदा दार लावलंस की लावलंस. पूर्वीही पाहिलंय मी.

तर एवढंच कर. ईराचं पोहणं सोडून दुसरा कुठला वार जमतो ते कळव, आणि वेळ लीड्सच्या घड्याळानं लिही, म्हणजे मार्चमध्ये पुन्हा हा घोळ नको. त्यांना मी सांगेन, तुला बोलावं लागणार नाही. दोन्ही वकिलांची सही घेऊन नवा कागद करू. नोटीस मागे घ्या असंही मीच सांगतो.

थंडीत कानाला बांधत जा. ईराला पापा.

तुझा,
अण्णा

ता. क. या बुधवारपर्यंत हे पत्र पोचणार नाही. मी उद्या फोन करीन. उचल.