प्रमोदला पत्र : डेबियनची साइट मराठीत करण्याआधी

पुणे,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. शाळेच्या लॅबमधल्या जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी डेबियनसारखी मुक्त कार्यप्रणाली चढवायचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की दिवाळीच्या सुट्टीत तू, मी आणि तुझे दोन माजी विद्यार्थी मिळून डेबियनची सगळी वेबसाइट मराठीत करून टाकू. हो म्हणायला मला एका ओळीचा निरोप पुरला असता. पण त्याआधी तुला काही सांगायचं आहे आणि ते निरोपात मावणारं नाही.

ही साइट कोणती कंपनी चालवते, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ही साइट कोणतीही कंपनी चालवत नाही. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली तेव्हा ते विद्यापीठात शिकत होते. तेव्हा डेबियनला मालक नव्हता आणि आजही नाही. आज्ञावली लिहिणारे जसे स्वयंसेवक, तसेच साइट सांभाळणारेही. कोणी दिवसभराची नोकरी उरकून रात्री बसतं, कोणी रविवारची सकाळ देतं. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. मी त्यांच्यातला एक. माझ्या वाट्याला मुख्यतः इंग्रजी पानांची डागडुजी येते.

आता भाषांचं. साइटचा पत्ता सगळ्या जगाला एकच आहे. तुझा ब्राउझर कोणती भाषा मागतो ते पाहून सर्व्हर त्या भाषेतलं पान पुढे करतो. ब्राझीलमधली मुलगी तोच पत्ता टाकते आणि तिला पोर्तुगीज पान दिसतं, सोलमधल्या मुलाला कोरियन. पानाच्या तळाशी भाषांची यादी असते, तिच्यात तीसहून अधिक नावं आहेत. तमिळ आहे, मराठी नाही. इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे संगणकावर डेबियन चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मात्र मराठी आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पेनड्राइव्ह लावून ग्राफिकल इन्स्टॉलर सुरू केलास की भाषांच्या यादीत मराठी निवडता येते. कोणीतरी बसून ते एकेक वाक्य मराठीत आणलं म्हणून हे झालं. त्या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. म्हणून तुझा प्रस्ताव वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘चला, सुरू करू’ अशीच होती.

पण एक पान भाषांतरित झाल्यावर पुढे काय होतं, ते नीट बघ.

प्रत्येक भाषांतराच्या फाइलमध्ये अगदी वर एक ओळ असते. इंग्रजी पानाच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवरून हे भाषांतर केलं, त्याची ४० अक्षरांची खूण त्या ओळीत असते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. उद्या मी इंग्रजी पानावर एक परिच्छेद बदलला की इंग्रजी पानाची खूण बदलते, आणि ज्या ज्या भाषेत ते पान आहे तिथलं भाषांतर मागे पडलं अशी नोंद आपोआप होते. प्रत्येक भाषेचा आकडेवारीचा तक्ता असतो : किती पानं ताजी, किती मागे पडलेली, किती अजून झालेलीच नाहीत. फ्रेंच, जर्मन, डॅनिश स्वयंसेवक तो तक्ता बघतात, माझा बदल वाचतात, आपापल्या पानात तो आणतात आणि खूण पुढे सरकवतात. हे वर्षानुवर्षं चालू आहे.

यातली एक रीत मला विशेष आवडते. समज, मी इंग्रजीतला फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केला. भाषांतरांशी त्याचा काही संबंध नाही. पण मी तेवढंच करून उठलो तर सगळ्या भाषांमध्ये ते पान ‘मागे पडलेलं’ दिसेल आणि डझनभर माणसं आपली संध्याकाळ खर्चून एका स्वल्पविरामाचा शोध घेतील. म्हणून बदल करणाऱ्यानेच एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटी आज्ञावली, चालवायची आणि सगळ्या भाषांतरांतली खूण स्वतः पुढे न्यायची. ज्यांची भाषा आपल्याला वाचताही येत नाही त्यांचा वेळ वाचवण्यासाठी हे करायचं असतं. त्याबद्दल कोणी आभार मानत नाही, कारण काही घडलं हे कोणाला कळतच नाही. मला हे काम धरून ठेवावंसं वाटतं त्यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

भाषांतर फारच मागे पडलं तर पानावर सूचना येते : हे भाषांतर जुनं झालं आहे, मूळ पान पाहा. पण मूळ पान इंग्रजीत! ज्याला इंग्रजी नीट येत नाही म्हणून आपण मराठी पान केलं, त्यालाच आपण इंग्रजीकडे पाठवतो. आणि ती सूचना वाचायला थांबतं कोण?

तुझ्याच लॅबचं बघ. ९ ऑगस्टला डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, बाहेर पडली. या आवृत्तीपासून ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर नाही. त्यांच्यासाठी शेवटचा इन्स्टॉलर डेबियन १२चा, म्हणजे बुकवर्मचा. आता कल्पना कर, आपण दोन वर्षांपूर्वी डाउनलोडचं आणि इन्स्टॉलेशनचं पान मराठीत आणलं असतं आणि नंतर तिकडे फिरकलोच नसतो. तुझ्यासारखाच एखादा शिक्षक, नंदुरबारचा किंवा गडचिरोलीचा, आपल्या भाषेतलं पान म्हणून विश्वासाने वाचेल की ३२ बिटसाठीही नवी आवृत्ती मिळते. ती शोधण्यात त्याचा दिवस जाईल. पान नसतं तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी विचारलं असतं. जुनं पान त्याला विचारूही देत नाही.

आपल्याकडे गावात नळपाणी योजनेचं उद्घाटन वाजतगाजत होतं आणि मोटर जळली की वर्षभर टाकी कोरडी राहते, तसं मला या पानांचं व्हायला नको आहे.

तू असंही लिहिलं आहेस की यंत्राकडून भाषांतर करून घेऊ आणि आपण फक्त हात फिरवू. हात फिरवायला तुझ्याइतका चांगला माणूस मला ठाऊक नाही, शुद्धलेखनात आणि वाक्याच्या वळणात तुझी नजर पक्की आहे. यंत्राचा मसुदा घ्यायलाही माझी हरकत नाही. पण भाषांतर हा कामाचा छोटा भाग आहे रे. पुढच्या आषाढात इंग्रजी पान बदलेल तेव्हा ते पाहायला कोण असेल, हा खरा प्रश्न आहे.

रोजचं काम कसं असतं तेही सांगतो, म्हणजे पुढे तुझा हिरमोड होणार नाही. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे संगणकावर बसवता येणाऱ्या एकेका प्रोग्रामच्या, नावावर बग म्हणजे चुका नोंदवता येतात, तसं साइटच्या नावानेही एक मानीव पॅकेज ठेवलेलं आहे. साइटवर काही चुकलं की तिथे तक्रार येते. कोणी कळवतो, अमुक पानावरची लिंक मेली आहे. मग ती लिंक कुठे जायची ते जुन्या प्रतींमधून शोधायचं, तो मजकूर आता कुठे हलला आहे ते पाहायचं, तो अजून खरा आहे का ते वाचून तपासायचं, मग बदल करायचा आणि पान नीट तयार होतंय ना याची खात्री करायची. साइट दिवसातून काही ठराविक वेळांना नव्याने तयार होते, त्यामुळे केलेलं लगेच दिसतही नाही. डेबियनवर सल्ला देणाऱ्या व्यावसायिकांची देशवार यादी आहे. त्यातल्या कोणाचा ईमेल बंद पडलाय, कोणी व्यवसाय सोडलाय, हे कोणीतरी विचारून विचारून पाहतं आणि नावं काढतं किंवा दुरुस्त करतं. आवृत्ती बाहेर पडायच्या दिवशी मात्र सण असतो. घोषणेचं पत्रक आधीच अनेक भाषांत तयार ठेवलेलं असतं, इकडे इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवर चढवायच्या इन्स्टॉलरच्या फाइली, तपासणारे एकेक इन्स्टॉलर चालवून पाहत असतात आणि सगळं जागेवर आलं की साइटवरचे जुने आकडे, नावं, लिंका एका दमात बदलतात.

तुझे विद्यार्थी तरुण आहेत, त्यांना या साइटची बांधणी पाहून नवल वाटेल. ती अजूनही डब्ल्यूएमएल नावाच्या, वेबपानं तयार करणाऱ्या १९९०च्या दशकातल्या साधनावर चालते. बाहेर ते आता जवळजवळ कोणी वापरत नाही. सगळा मजकूर २०१८पर्यंत सीव्हीएस या, फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या जुन्या पद्धतीत होता, तेव्हा कुठे तो गिट या नव्या पद्धतीत आला. त्या वेळी प्रत्येक भाषांतरातली ती खूण बदलावी लागली, कारण सीव्हीएसमध्ये साधे आवृत्ती क्रमांक होते. हजारो फाइली आणि त्यांचा जवळपास दोन दशकांचा इतिहास, काही न सांडता पलीकडे न्यायचा होता. म्हणून कोणी ‘हे सगळं फेकून नवीन करा’ म्हणालं की मी थोडा सावध होतो. फेकायला सोपं आहे, पण त्यात तीस भाषांतल्या लोकांच्या संध्याकाळी आहेत. मात्र जुन्या साधनामुळे नवा माणूस दारातूनच परत जातो हेही तितकंच खरं आहे, आणि आमच्यातल्या काहींना त्याचं पुरेसं वाईट वाटत नाही असं माझं मत आहे.

बदल होत नाहीत असं मात्र समजू नकोस. फेब्रुवारी २०११मध्ये स्क्वीझ आवृत्तीसोबत साइटचं सगळं रूप पालटलं. डिसेंबर २०२०मध्ये मुखपृष्ठ नव्याने मांडलं आणि डाउनलोडचं बटण नव्या माणसाला पहिल्या नजरेत दिसेल असं झालं. फर्मवेअरचं प्रकरण तर तुला माहीत आहेच. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर, म्हणजे वायफायसारखे भाग चालू व्हायला लागणारी उत्पादकाची आज्ञावली, ठेवायचं नाही हे तत्त्व होतं, त्यामुळे कित्येक लॅपटॉपवर वायफाय चालायचं नाही, आणि ज्या इमेजमध्ये ते असायचं ती अनधिकृत म्हणून साइटवर कोपऱ्यात. शेवटी २०२२मध्ये सदस्यांनी मतदान करून ठरवलं की एकच इन्स्टॉलर ठेवायचा आणि त्यात गरजेचं फर्मवेअर द्यायचं. बुकवर्मपासून तसं आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो. तत्त्व मोलाचं होतं, पण त्याची किंमत सगळ्यात नवखा माणूस भरत होता.

आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. बराच काळ डेबियनचं पूर्ण सदस्यत्व मुख्यतः पॅकेज तयार करणाऱ्यांना मिळायचं. साइट, भाषांतर, दस्तऐवज, चित्रं करणारे मदतनीस म्हणून ओळखले जायचे. २०१०मध्ये सदस्यांनी मतदानाने ठराव केला की पॅकेज न करणाऱ्यांनाही मताच्या हक्कासह सदस्य करून घ्यावं. म्हणजे मराठीच्या शिक्षकाने वर्षानुवर्षं पानं राखली, तर प्रकल्पाचा नेता निवडताना त्याचं मत आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मताइतकंच मोजलं जाऊ शकतं. मला याचा अभिमान वाटतो. तू एकदा म्हणाला होतास, ‘मी कोडिंगवाला नाही, मला तिथे कोण विचारतो?’ हे तुझ्यासाठी लिहिलं.

तर माझं म्हणणं असं. दिवाळीत सगळी साइट नको. मुखपृष्ठ आणि डाउनलोडचं पान, एवढीच दोन घेऊ. फ्रेंच मंडळींची पद्धत आपणही पाळू : आधी ‘हे पान मी घेतलं’ असं जाहीर करायचं, मसुदा झाला की ‘वाचून बघा’, मग ‘शेवटच्या सूचना असतील तर सांगा’, आणि त्यानंतरच ‘झालं’. एकाने केलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग जून उजाडेपर्यंत थांबू. तोवर इंग्रजी पानं जितक्या वेळा बदलतील तितक्या वेळा आपली दोन पानं ताजी राहिली, तर तिसरं घेऊ. तुझी मुलं नोकरीनिमित्त पांगतील, तू परीक्षांच्या कामात अडकशील, मीही कधी आजारी पडेन. म्हणून निदान चौघं हवेत, आणि प्रत्येक पानावर दोघांची नजर. एवढं जमणार नसेल तर मला स्पष्ट सांग, मी जराही वाईट वाटून घेणार नाही. मग आपण इन्स्टॉलरमधली मराठी वाक्यं वाचून त्यातल्या त्रुटी कळवू, तेही मोलाचं काम आहे आणि आत्ताच करता येईल.

लॅबमधल्या प्रत्येक संगणकाच्या प्रोसेसरचं मॉडेल आणि रॅम किती, हे कागदावर उतरवून फोटो पाठव. प्रोसेसर इंटेलचा असला तरी ६४ बिटचा असेल तर ‘एएमडी६४’ लिहिलेलीच इमेज घ्यायची, त्या नावाने बिचकू नकोस. जे ३२ बिटचे निघतील त्यांना बुकवर्म. पेनड्राइव्ह मी इथून तयार करून पाठवतो, तिथल्या नेटवर एवढं उतरवत बसू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्या त्या दोन विद्यार्थ्यांना हे पत्र अवश्य वाचायला दे, आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते त्यांनाच लिहू दे.

तुझा,
श्रीधर