भरतीची जाहिरात आधी, पदवीचे शुल्क नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्वितीय पीयूसीचा (कर्नाटकातील बारावीचा) निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात ‘फायर अँड सेफ्टी’, ‘पोलीस प्रशासन’, ‘सुरक्षा व्यवस्थापन’ अशा पदव्या-पदविकांची पत्रके घरोघरी येऊ लागतात. गेल्या आठवड्यात हाती पडलेल्या अशाच एका पत्रकावर हेल्मेट घातलेल्या तरुणाचे छायाचित्र आणि ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द ठळक होते, तर ‘नोकरीसाठी साहाय्य केले जाईल’ ही ओळ तळाशी बारीक अक्षरांत होती. संस्थेला मान्यता कोणाची, याचा उल्लेख कोठेच नव्हता. सैन्य आणि पोलीस सेवेची ओढ आपल्या भागात पिढीजात आहे. बेळगावातील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे धावणारी मुले पाहिली तरी ते कळते. त्या ओढीवर कोणी दुकान थाटत असेल तर पालकांनी निदान आकडेमोड तरी करावी, म्हणून हे पत्र.

कर्नाटकात पोलीस शिपायासाठी पीयूसी पुरते आणि पीएसआयसाठी (पोलीस उपनिरीक्षकासाठी) कोणत्याही शाखेची पदवी चालते. महाराष्ट्रातही शिपायाला बारावी आणि उपनिरीक्षकाला कोणतीही पदवी लागते. कर्नाटकाच्या सातव्या वेतन आयोगापूर्वीच्या श्रेणीत शिपायाचे मूळ वेतन 23,500 रुपयांपासून आणि पीएसआयचे 37,900 रुपयांपासून सुरू होत असे. म्हणजे पदवीमुळे दरमहा 14,400 रुपयांचा फरक पडत होता, आणि तो फरक गावाजवळच्या सरकारी कॉलेजातून बी.ए. झालेल्यालाही तेवढाच मिळत होता. पदवीच्या नावात ‘पोलीस’ हा शब्द आहे म्हणून पीएसआयच्या परीक्षेत एकही गुण वाढत नाही. उलट पीयूसीनंतर शिपाई म्हणून लागलेला मुलगा त्याच जुन्या श्रेणीने तीन वर्षांत 8,46,000 रुपये मूळ वेतन मिळवतो आणि मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन पुढे पीएसआयच्या परीक्षेलाही बसू शकतो. शिपाईभरतीत प्रत्येकाची वर्णी लागत नाही हे खरे, पण महागडी पदवी घेतल्यानेही ती लागत नाही.

आता कर्जाचे पाहू. चार लाखांचे शैक्षणिक कर्ज 11 टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता दरमहा सुमारे 8,700 रुपये बसतो. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. शिक्षणानंतरची सवलतीची मुदत संपली की भरतीची वाट पाहण्याच्या काळातही हा हप्ता थांबत नाही. कर्नाटकातील 545 पीएसआय पदांसाठी ऑक्टोबर 2021 मध्ये झालेली परीक्षा गैरप्रकारांमुळे रद्द झाली आणि फेरपरीक्षा जानेवारी 2024 मध्ये झाली. पहिल्या परीक्षेच्या भरवशावर कर्ज काढलेल्या घराने मधली सव्वादोन वर्षे कशी रेटायची?

सगळेच अभ्यासक्रम एका मापाने मोजणे अर्थात चूक ठरेल. बेळगावजवळच्या नावगे येथील कारखान्याला ऑगस्ट 2024 मध्ये लागलेल्या आगीत एका तरुण कामगाराचा बळी गेला. उद्यमबाग, मच्छे, होनगा येथल्या कारखान्यांना प्रशिक्षित माणसांची गरज आहेच. मात्र कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण, कामाचा अनुभव आणि त्यावर शासनमान्य औद्योगिक सुरक्षा पदविका लागते. कला शाखेच्या मुलाने सहा महिन्यांचा खासगी कोर्स केला तर त्याला ते पद मिळत नाही, फार तर कंत्राटदाराकडे गणवेश मिळतो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातील फायर इंजिनिअरिंगची पदवी किंवा संसदेच्या 2020 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या धारवाड संकुलातील शिक्षण, यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे शिकलेला विषय हीच पदाची पात्रता असते. जागा थोड्या असल्या तरी तो खर्च समजण्यासारखा आहे.

सीमाभागातील आपल्या मुलांचा आणखी एक प्रश्न आहे. कर्नाटकातील पीएसआयच्या 50 गुणांच्या पहिल्या पेपरात निबंध, सारांशलेखन आणि कन्नड-इंग्रजी भाषांतर असते. सीमाप्रश्नावर आपली भूमिका काहीही असो (माझी ती ठाम आहे), मराठी माध्यमातील मुलगा याच पेपरात मागे पडतो. चार लाखांतले काही हजार कन्नड लेखनाच्या शिकवणीवर खर्चले तर त्याचा उपयोग अधिक. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत, त्या राज्याने दावा सांगितलेल्या सीमाभागातील 865 गावांतील, 15 वर्षांचे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. त्यासाठीचा वास्तव्याचा दाखला मुदतीच्या आत हाती असणे हे कोणत्याही पदविकेपेक्षा निकडीचे, कारण त्याला खर्च नाममात्र येतो आणि तो नसेल तर मैदानी चाचणीपर्यंतही पोहोचता येत नाही.

शिक्षण खात्याने अशा प्रत्येक संस्थेला प्रवेशद्वाराशी फलक लावायला सांगावे: मान्यता कोणाची, एकूण शुल्क किती, आणि मागील तीन तुकड्यांतील किती विद्यार्थी कोणत्या पदावर, किती पगारावर लागले. आपल्या दैनिकाने प्रवेशाच्या हंगामात हीच माहिती संस्थांकडून मागवून छापावी, आणि ज्या संस्था ती देणार नाहीत त्यांची नावेही छापावीत, ही विनंती.

आपला,
एक पालक, खानापूर