मागणीपत्राची सभा: रविवारी, सकाळी 10 वाजता

सभासद बंधू-भगिनींनो,

वेतनकराराचे मागणीपत्र ठरवायला युनियन कार्यालयात जमायचे आहे. पगाराची स्लिप आणा. मूळ पगार न बघता वाढीचा आकडा सांगणे म्हणजे हवेत बाण.

कारखान्यात युनियन एकाहून जास्त आहेत. औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार हजेरीपटावरील 51 टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद, तीच एकटी वाटाघाटीला बसते. तेवढे कोणाकडेच नसतील, तर किमान 20 टक्केवाल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बनते. तेव्हा सभासदत्वाचे अर्ज खिशात ठेवू नका. मागच्या खेपेस तेच झाले!

आणि हो, निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकली तरी तो संपच धरतात. संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. परस्पर काही करू नये.

– सरचिटणीस